उत्तरेश्वर महाराजांचे सतराशे ग्रॅम

खैरलांजीच्या बाजाराशेजारी मांडव उभा राहिला आणि आत पाऊल ठेवायला जागा उरली नाही. उत्तरेश्वर महाराज रसायनशास्त्राची गणितं सोडवत होते, तीही न मांडता. परसवाड्याचा एक पोरगा म्हणे नुसतं दर्शन घेऊन निघाला, तर बसमध्येच त्याला सगळी मूलद्रव्यं पाठ झाली. उलट्या क्रमाने.

विधी सोपा होता. पोराने महाराजांच्या कानात पान आणि प्रश्नाचा क्रमांक सांगायचा, मग प्रश्न मोठ्याने वाचायचा. पान हे प्रश्नाचं जन्मस्थान, क्रमांक हे नक्षत्र. महाराज डोक्यावरून घोंगडी घेत, आत थोडा उजेड दिसे, तो तपाच्या तेजाचा, आणि उत्तर बाहेर येई. चालत ते फक्त मांडवाच्या दारात मिळणाऱ्या गाइडमधले प्रश्न. बाकी पुस्तकांचा कागद अशुद्ध होता.

रामपायलीकडचा प्रेमलाल लेकीला, खुशीला, घेऊन आला होता. पोरगी बारावीत रसायनात अडकलेली, पूरक परीक्षा नऊ दिवसांवर. या खेपेला नापास झाली तर शिक्षण बंद, असं त्याने घरात सांगून टाकलं होतं. महाराजांची आज्ञा होती की गणित मांडलं की उत्तराला दृष्ट लागते. वह्या जमा करा, परीक्षेत डोळे मिटा, उत्तर आपोआप येईल. खुशीच्या चारही वह्या प्रेमलालने कालच स्वतःच्या हाताने व्यासपीठावरच्या ढिगात ठेवल्या होत्या. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती.

आज तिची पाळी आली. तिने कानात सांगायचं ते सांगितलं आणि खणखणीत वाचलं, "धानाचं बियाणं निवडायला दर लिटर पाण्यात एकशे सत्तर ग्रॅम मीठ घालतात. पाच लिटर पाण्यात किती मीठ लागेल?"

प्रेमलाल सुखावला. हे तर तो दरवर्षी करायचा. मिठाच्या पाण्यात पोचट धान वर तरंगतं, ते फेकायचं. भरीव तळाला बसतं, ते पेरायचं. साडेआठशे, तो मनात म्हणाला.

घोंगडीतून आवाज आला, "सत्रह सौ ग्राम."

मांडवाने जयजयकार केला. प्रेमलालनेही त्यासाठीच तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"महाराज, पाच लिटरले?"

"उत्तर पे शंका नहीं करते, बेटा."

"शंका नाही जी. पन येवढं मीठ टाकलं त भरीव धानही वर येईन. मंग मी पेरू काय?"

मागून शांताबाई, जिची नात रांगेत उभी होती, म्हणाली की त्या पाण्यात धानच काय, महाराजही तरंगतील. महाराजांनी खुलासा केला, कलियुगात पाण्याचं पुण्य घटलं आहे, म्हणून मीठ दुप्पट. हे ऐकून धान लावणारी सगळी माणसं व्यासपीठाकडे सरकली. यंदाचं पाणी त्यांनीही पाहिलं होतं, मीठ नेहमीइतकंच लागलं होतं.

तेव्हा खुशी बापाकडे वळली. "बाबूजी, गाइडमंधी दहा लिटर छापलं हाय. वाचताना मीच पाच केले. यायनं प्रश्न आयकलाच नाही, नुसतं पान पाह्यलं."

प्रेमलाल व्यासपीठावर चढला आणि त्याने घोंगडी उचलली. मांडीवर गाइडची उत्तरांची शेवटची पानं उघडी होती, बाजूला मोबाइलची बॅटरी लावलेली. तपाचं तेज बारा टक्के उरलं होतं.

महाराजांना कोणी हात लावला नाही. लोक वह्यांच्या ढिगाकडे धावले. प्रेमलालने चारही वह्या शोधून लेकीला दिल्या आणि तिथेच मांडी घातली.

"साडेआठशे मले येते," तो म्हणाला, "पन कागदावर कसं मांडते, ते दाखव बरं."

"काहून?"

"काल चुकलो ना मी."

खुशीने पेनाचं टोपण काढलं.

मंडळी, उत्तर छापलेलं कोणीही वाचून दाखवील. हात जोडण्याआधी प्रश्नातला एक आकडा बदला आणि पुन्हा विचारा. पोरं मांडत असतील तर मांडू द्या. नऊ दिवसांत पुष्कळ मांडून होतं.