नसलेल्या झाडाला वळसा

तपासनिसानं गुडघे टेकले, वीतभर उंचीचा एक कोंब मुळासकट उपटला आणि तळहातावर धरला.

"मका," तो म्हणाला.

नाही म्हणायला जागाच नव्हती. हा तुकडा पाच वर्षं पडीक ठेवायचा, काही पेरायचं नाही, म्हणून सरकार अनुदान देत होतं. हे चौथं वर्ष. आधीच्या तिन्ही वर्षांचे पैसे मुलीच्या शिक्षणात गेले होते आणि करार मोडला तर ते सगळे परत करावे लागणार होते. शेतकरी शपथेवर सांगत होता की त्यानं एक दाणाही टाकलेला नाही. त्याची बायको म्हणाली, शेजारच्या आमच्याच शेतातून पाखरांनी आणला असेल.

"पाखरं ओळीत पेरत नाहीत, वहिनी."

ओळी अगदी दोरी धरल्यासारख्या होत्या. बांधाकडच्या शेवटच्या ओळीत तर अजून कोंबही नव्हते, नुसती ताजी उकरलेली माती. म्हणजे कोणीतरी अजून पेरतच होतं. मधल्या चार ओळी मात्र एका जागी बाजूला वळल्या होत्या आणि आठ-दहा पावलांवर पुन्हा सरळ झाल्या होत्या. तिथं काहीच नव्हतं.

बायकोला ती जागा लगेच ओळखू आली. तिथं एक झाड होतं, अकरा वर्षांपूर्वी बुंध्यासकट काढलेलं. झाड गेलं तरी सासरे त्या जागेला वळसा घालूनच पेरायचे. जन्माची सवय, दुसरं काय! जमीन उपाशी ठेवायचे पैसे मी घेणार नाही, असं म्हणत त्यांनी अनुदानाचा अर्ज दोनदा फाडला होता. ते गेले आणि महिन्याच्या आत मुलानं सही केली.

नवऱ्यानंही तो वळसा ओळखला.

तपासनीस भला माणूस होता. बराच वेळ डोकं खाजवून म्हणाला, आत्ता माझ्यासमोर नांगरून टाका, मी पडीकच लिहितो, पण पुन्हा नाही.

शेतकऱ्यानं ट्रॅक्टर आणला आणि ओळी आडव्या नांगरायला घेतल्या. पहिल्या फेऱ्या सरळ गेल्या. मग ट्रॅक्टर हळूच वळला, मोकळ्या जागेला वळसा घालून पुन्हा रांगेला लागला. पुढच्या फेरीलाही तेच. शेतकरी मान मागे वळवून फाळाकडे बघत होता. आपण वळतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

बायको बघतच राहिली.

तो खाली उतरल्यावर तिनं त्याच्या हातांवर पाणी घातलं. नखांच्या कडा गुलाबी होत्या. औषध लावलेल्या बियाण्याचा तो रंग, आणि शेजारच्या शेतातली पेरणी आटपून तर महिना झाला होता. गेले पंधरा दिवस ती त्याच्या उशीच्या अभ्र्यावरचे गुलाबी डाग धूत होती. झोपेत पायांना माती कुठून लागते, हे तो रोज सकाळी तिलाच विचारायचा.

पलीकडे तपासनीस लिहीत होता. तिनं त्याच्याकडे पाठ केली, नवऱ्याचे हात घट्ट धरले आणि एकेक नख घासायला लागली.

"बाबाच पेरतात ना गं?" तो पुटपुटला.

ती घासत राहिली.

"हो," ती म्हणाली. "पण रागानं नाही पेरत. आजपासून मी जागी राहीन. अजून एक वर्ष थांबा म्हणून सांगेन त्यांना."