ओल्शिन्काला कोण उतरतं?

आमची जुनी मोटार गेल्या हिवाळ्यात भंगारात गेली आणि सहलींचा सगळा कारभार माझ्या मुलीच्या हातात आला. वेंदुला बारा वर्षांची. ब्रनो स्टेशनवर मिळणारं सुट्टीच्या दिवसाचं कौटुंबिक तिकीट तिनंच शोधून काढलं. दोन मोठी माणसं, बरोबर मुलं, एकच तिकीट, आणि दिवसभर आपल्या भागातल्या कुठल्याही साध्या गाडीत बसा, कितीही वेळा उतरा. माझा नवरा रादोवान बेकरीत पहाटपाळी करतो, मी दातांच्या कवळ्या बनवते. चौघांनी बाहेर जेवायचं म्हटलं की आमची सहल तिथेच संपते. म्हणून कटलेटं घरून, पाव रादोवानच्या बेकरीतला, लोणच्याच्या काकड्या माझ्या आईच्या आणि चहा थर्मासात.

बाकीचे लोक आधी ठिकाण ठरवतात, मग गाडी बघतात. वेंदुलाचं उलटं. ती वेळापत्रक घेऊन पलंगावर पालथी पडायची आणि कादंबरी वाचावी तसं ते वाचायची. जूनच्या शेवटी एक दिवस ती स्वयंपाकघरात आली.

"आई, ओल्शिन्का म्हणून एक थांबा आहे. नावापुढे फुली आहे."

"फुली म्हणजे मागितलं तरच गाडी थांबते."

"ते माहितेय गं मला. पण जवळचं गाव दोन किलोमीटरवर आहे. मग तिथे उतरतं कोण?"

शाळेतून येताना स्टेशनच्या खिडकीवरही ती विचारून आली. तिकिटं देणाऱ्या माणसानं सांगितलं, "तिथे कोणी उतरत नाही, बाळ. वीस वर्षांत मी तिथलं तिकीट दिलेलं नाही." झालं! त्याच क्षणी आमचा जुलैतला पहिला शनिवार ठरला.

"किल्ला नाही, गुहा नाही, तळं तरी आहे का?" रादोवाननं विचारलं.

"तळं आहे. गावाच्या मागे."

"मग चालेल."

जंक्शनला गाडी बदलून आम्ही एका डब्याच्या डिझेल गाडीत बसलो. टीसी बाई, ब्लांका नाव होतं छातीवर, तिकीट बघून म्हणाली, "कुठे उतरणार?"

"ओल्शिन्का," वेंदुला म्हणाली.

"ओल्शिन्का? चुकून तर नाही ना? तिथे काही नाहीये हो." आणि ती पुढे जाऊन ड्रायव्हरच्या कानाला लागली. ड्रायव्हरनं मान वळवून आमच्याकडे पाहिलं. पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. जावई पहिल्यांदा घरी आल्यावर बघतात तसा बघत होता.

आम्ही उतरलो, गाडी गेली. खरंच काही नव्हतं. एका बाजूला गव्हाचं शेत, दुसऱ्या बाजूला पाइनचं जंगल, मध्ये पत्र्याचा आडोसा आणि एक बाक. पण बाक नुकताच रंगवलेला होता. आणि आडोशाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पेट्यांमध्ये लालभडक जिरेनियम फुलले होते, असे की माझ्या बाल्कनीतले लाजावेत.

वेंदुलानं मातीत बोट खुपसलं. "आई, ओली आहे."

दोन आठवडे पावसाचा थेंब नव्हता. शेतातली माती तडकली होती. सकाळचे दहा वाजले होते आणि दृष्टीच्या टप्प्यात माणूस नव्हता.

"भूत आलं असेल," क्रिश्तोफ म्हणाला. तो सात वर्षांचा, त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर.

"भुतं झारी घेऊन फिरत नाहीत," वेंदुला म्हणाली. "बाबा, गावात विचारू या."

शेतापलीकडच्या गावात, बियरच्या दुकानात, मालकीणबाई म्हणाल्या, "फुलं? ती जंगलखात्याची माणसं लावतात ना." तळ्याकाठी जंगलखात्याचा एक माणूसच मासे धरत बसला होता. तो म्हणाला, "आम्ही? आम्हाला झाडं तोडायला वेळ नाही, फुलं कुठली लावतो! गावातल्या बायका करत असतील." आम्ही पोहलो, कटलेटं खाल्ली, रादोवान गवतात घोरला. वेंदुला मात्र पाण्यातही त्याच विचारात. परतीची गाडी चार दहाची होती. तीनलाच तिनं सगळ्यांना उठवलं.

"संध्याकाळी परत पाणी घालावं लागेल, एवढ्या उन्हात. जो कोणी येईल तो आपल्याला दिसेल. पण आपण त्याला दिसायचं नाही."

"म्हणजे हक्काच्या सुट्टीत मी झुडपात बसून कुंड्यांवर पाळत ठेवायची?" रादोवान म्हणाला.

"हो."

बसलो झुडपात. करणार काय! मुंग्या चावत होत्या. तीन चाळीसला जंक्शनकडून गाडी आली. फलाटावर कोणी नाही, उतरणारं कोणी नाही, तरी ती थांबली. दार उघडलं. तो पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर हिरवी झारी घेऊन खाली उतरला, दोन्ही पेट्यांना पाणी घातलं, वाळलेली चार फुलं खुडून खिशात टाकली, घड्याळ पाहिलं आणि चढला. गाडी गेली.

क्रिश्तोफनं माझा दंड घट्ट धरला होता. रादोवान हळूच म्हणाला, "आता मलाही कळल्याशिवाय झोप लागणार नाही."

तीच गाडी शेवटच्या स्टेशनावरून फिरून चार दहाला आली आणि आम्ही चढलो. जंक्शनला तिचा प्रवास संपत होता, आमच्या पुढच्या गाडीला अर्धा तास होता. ड्रायव्हर खाली उतरताच वेंदुला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, आम्ही तुम्हाला पाहिलं. झुडपातून."

तो कानापर्यंत लाल झाला. ब्लांका मागून हसायला लागली. "सापडलास ना, हाव्रानेक! मी सगळ्यांना सांगते, याची पाठ दुखते म्हणून पाय मोकळे करायला उतरतो."

"पण का?" वेंदुलानं विचारलं. "तिथे कोणीच नसतं."

हाव्रानेक बाकावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, हा उडवून लावणार. पण आजवर कोणी सरळ विचारलंच नसावं, कारण तो सांगायला लागला.

"एकटा गाडी चालवायला लागून मला दोन महिने झाले होते, आणि या मार्गावर तर तो माझा पहिलाच दिवस. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी आम्हाला सहा मिनिटं उशीर होता. ओल्शिन्का आलं, फलाटावर कोणी दिसलं नाही, मी वेग कमी केलाच नाही. पुढे गेल्यावर आरशात बघतो तर एक बाई, बाबागाडी ढकलत जंगलातून पळत येतेय. हात वर केलेला. जोरजोरात हलवत होती. गाडी थांबवता आली नाही. पुढची गाडी तीन तासांनी. तान्हं मूल घेऊन. कोणाला बरं नसेल, दवाखान्यात जायचं असेल, काय माहीत?"

"मग शोधलं नाहीत तिला?"

"सुट्टीच्या दिवशी शेतापलीकडच्या गावात गेलो होतो. कोणाला माहीत नव्हतं. जास्त विचारायला लाज वाटली. तेव्हापासून मी थांबतो. दर फेरीला. कोणी असो नसो. आता रिकाम्या फलाटासमोर नुसतं बसून राहायचं म्हणजे वेड्यासारखं वाटतं, म्हणून मग फुलं लावली."

ब्लांकाचं हसू गेलं होतं. पंधरा वर्षं त्याच्याबरोबर काम करून तिलाही हे माहीत नव्हतं.

घरी जाताना वेंदुला सारखी खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, दमली असेल. पण ब्रनोची घरं दिसायला लागल्यावर ती म्हणाली, "त्यांनी चुकीच्या गावात विचारलं. बाई जंगलातून आली होती. जंगलापलीकडेही गाव आहे."

ऑगस्टमध्ये आम्ही मोराव्हियातला एक प्रसिद्ध वाडा बघणार होतो. नाही बघितला. पुन्हा तेच तिकीट, तीच गाडी. त्या दिवशी ड्रायव्हर दुसराच होता, हाव्रानेकची दुपारपाळी होती. जंगलातून पाऊण तास चाललो. गाव म्हणजे तीसेक घरं आणि एक टपालपेटी. कोणाला काय विचारायचं, या विचारात मी असताना रादोवान मात्र कामाला लागला. छपरावर कौलं बसवणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्यानं आधी बेकरीतला ताजा गोड पाव दिला आणि मग विचारलं, "आजोबा, बावीस वर्षांपूर्वी या गावात बाबागाडी कोणाकडे होती?"

म्हातारा छपरावर बसूनच पाव चावत विचार करू लागला. "त्या साली तीनच पोरं झाली इथे. एक पाळकाच्या घरी, ते लोक गेले. दुसरं माझं नातवंड, आणि आमच्या सुनेला तर गाडीत बसलं की उलट्या होतात. राहिली क्वेता झ्बोरिलोवा. ते हिरवं फाटक."

हिरव्या फाटकामागे एक धिप्पाड बाई टोपलीतले आलुबुखार निवडत होती. पायात घरातल्या सपाता. वेंदुलानं एका दमात सगळं सांगितलं: उशीर, आरसा, वर केलेला हात, बावीस वर्षं. बाईच्या हातातलं फळ हातातच राहिलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "अगं, पण मला कुठे जायचंच नव्हतं!"

"मग हात?"

"टाटा करत होते! आमचा ओन्द्रा गाडी बघितल्याशिवाय दुपारी झोपायचा नाही. रोज त्याला घेऊन जायची. गाडी तिथे हळू व्हायची, तो हात हलवायचा, की लगेच डोळे मिटायचा. त्या दिवशी आम्हाला निघायला उशीर झाला म्हणून पळत गेले." ती हसायला लागली आणि मग तिचं हसू मध्येच अडलं. "आणि दुसऱ्या दिवसापासून ती गाडी थांबायलाच लागली. झाडांमधूनच मला दिसायचं, दार उघडून ती आमची वाट बघतेय. आम्हाला तर बसायचं नाही! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उगाच रेल्वेचा खोळंबा कशाला, म्हणून मी जाणंच बंद केलं."

क्रिश्तोफनं विचारलं, "मग ओन्द्रा झोपायचा कसा?"

"नाही झोपायचा. दोन वर्षं रडवलं त्यानं मला."

ती आमच्याबरोबर यायला निघाली, सपातांसकट, हातात आलुबुखारांची पिशवी. वाटेत दोनदा म्हणाली, "मी काय बोलू त्या माणसाशी?" आणि दोनदा मागे फिरायला निघाली. दोन्ही वेळा वेंदुलानं तिचा हात धरला.

चार दहाला गाडी आली. हाव्रानेक झारी घेऊन उतरला आणि आम्हाला बघून हसला. मग त्याला ती दिसली. वेंदुलानं तोंड उघडलं, पण मी तिला मागे ओढलं.

"मी ती बाबागाडीवाली," क्वेता म्हणाली.

झारी त्याच्या हातात तिरकी झाली आणि पाणी त्याच्या बुटावर पडत राहिलं. तिनं सगळं सांगितलं, खाली बघत, भराभर.

"म्हणजे तुम्हाला कुठे जायचं नव्हतं," तो म्हणाला.

"नाही हो."

"दवाखाना नाही. काही नाही."

"काही नाही. मला माफ करा. मी एकदा तरी येऊन सांगायला हवं होतं."

मला वाटलं, तो चिडेल. एक क्षण चिडलाही असावा, मिशी हलली. बावीस वर्षांचं ओझं कोणी असं सहज उचलून बाजूला ठेवलं की माणसाला हलकं वाटतं की फसवल्यासारखं, मी अजून विचार करते. शेवटी त्यानं विचारलं, "मुलगा कसा आहे?"

"ओस्त्राव्हात लिफ्ट दुरुस्त करतो. मोटारीनं येतो-जातो."

"बरं, बरं."

"हाव्रानेक!" ब्लांका दारातून ओरडली. "चार मिनिटं झाली! उशिराचं कारण काय लिहू?"

"लिही, प्रवासी चढतोय," तो म्हणाला आणि क्वेताकडे वळला. "चला. जंक्शनपर्यंत. सहाच्या गाडीनं मी तुम्हाला परत आणून सोडतो."

"अहो, या सपाता घालून?"

"गाडीला चालतात."

ब्लांकानं तिला तिकीट फाडून दिलं. पहिल्याच बाकावर बसून क्वेता सगळं न्याहाळत होती, खिडकीचा कडीकोयंडा, पडदे, स्वतःचं जंगल मागे पडताना. इतकी वर्षं शेजारी राहून ती या गाडीत कधीच बसली नव्हती. जंक्शनला ती आणि हाव्रानेक बाकावर बसून आलुबुखार खायला लागले, मध्ये पिशवी ठेवून. एक बी त्यानं रुळांवर फेकली तेव्हा ती त्याला काहीतरी रागावली आणि तो हसला. आमची गाडी आली. ते पुढे काय बोलले ते आम्हाला कळलं नाही, आणि वेंदुला ब्रनोपर्यंत त्याबद्दल माझ्याशी भांडत होती, की पुढची गाडी पकडली असती तर काय बिघडलं असतं.