करंगळीकडचे चार बिंदू

देवळीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली की मी पर्स मांडीवर उभी ठेवायचे. तिच्या आड उजवा हात उताणा ठेवून डाव्या हातातल्या बॉलपेनचं टोक तळहातावर टेकवायचे. करंगळीकडच्या बाजूला चार ठिकाणं होती: करंगळीचं टोक, तिचं मूळ, तळव्याची कड आणि मनगटाजवळचा उंचवटा. टोक इतकंच दाबायचं की कातडीला बारीक खळगा पडावा. कळलं तर एक, नाही कळलं तर शून्य. मग छोट्या वहीत तारीख आणि आकडा. शेजारणीला वाटत असेल, मास्तरीण पेपर तपासते आहे.

मला कुष्ठरोग झाला होता. आज हे वाक्य सरळ लिहिता येतं. तेव्हा ते मनातसुद्धा पूर्ण होत नसे. दंडावर एक फिकट चट्टा होता, त्याकडे मी वर्षभर दुर्लक्ष केलं. मग कोपरामागची नस सुजली आणि करंगळी बधिर झाली. रोगावर बारा महिन्यांची गोळ्यांची पाकिटं सुरू झाली. पहिल्या डोसनंतर थोड्याच दिवसांत माणूस दुसऱ्याला रोग देत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. प्रश्न नसेचा होता. तिची सूज उतरावी म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या, दर पंधरा दिवसांनी कमी करत न्यायच्या. नस वाचली नाही तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हळूहळू आत वळतं. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. फळ्यावर लिहिणारा हात तोच.

त्या गोळ्यांनी माणूस अस्वस्थ होतो असं मी वाचलं होतं. अनुभव वेगळा होता. मला बसवतच नसे. मोकळ्या तासाला मी प्रयोगशाळेतली चंचुपात्रं मापाप्रमाणे लावायचे, पुन्हा काढून पुसायचे, पुन्हा लावायचे. वाक्य अर्धं झालं की पुढचं डोक्यात घुसायचं. बस सुटायला पाच मिनिटं असली तरी मी खाली उतरून स्टँडवर फेऱ्या मारायचे.

घरी मी सांगितलं होतं की मणक्यात नस दबली आहे. आमचं घर सिंदी मेघेला. अनुप, माझे यजमान, नोकरीसाठी चंद्रपूरला असतात, शनिवारी येतात. एरवी घरात मी आणि माझ्या सासूबाई सुलोचनाबाई. दिवेलागणीला त्या पाटावर बसून प्रार्थना म्हणतात आणि शेवटी दोन मिनिटं डोळे मिटून गप्प राहतात. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. मी शेजारी बसते आणि डोळे उघडे ठेवते. हे त्यांना माहीत आहे. "आमची जया देवाले डोये वटारून पाह्यते," असं त्या पाहुण्यांना सांगतात. आजार कळल्यापासून मी बसणंही सोडलं होतं. त्या वेळी मी भांडी घासायला घ्यायचे.

दवाखान्यात दर पंधरवड्याला हात तपासून घ्यायचा असतो. मी दोनदा गेले नाही. एकदा तिथल्या रांगेत माझ्या वर्गातल्या मुलीची आई दिसली होती, ते पुरे झालं. तपासणी करणारे कैलासभाऊ यांना मी फोनवर आकडे पाठवले. दोन, मग तीन, मग चार. चारपैकी चार. त्यांनी लिहिलं, "मॅडम, तुम्ही स्वतः विज्ञानाच्या. तुम्हाला काय सांगायचं!" आणि स्टिरॉइडचा डोस चाळीसवरून तीस, तीसवरून वीस झाला.

सहाव्या आठवड्यात पाकीट घ्यायला मात्र जावंच लागलं. गुरुवार होता. मागच्या व्हरांड्यात दहा-बारा जुने रुग्ण प्लास्टिकच्या टबांत पाय बुडवून बसले होते. त्यांचा रोग केव्हाच बरा झालेला, पण पायांना संवेदना नाही. म्हणून रोज पाय भिजवायचे, कडक कातडी घासायची, तेल लावायचं आणि जखम आहे का ते डोळ्यांनी बघायचं. गुरुवारी ते सगळे मिळून करतात. मी खांबाजवळ उभी होते. उभी म्हणजे, दोन पावलं इकडे, दोन तिकडे.

"बसा ना वं, मास्तरीनबाई," माझ्या हातातल्या शाळेच्या वह्या बघून एक म्हातारी म्हणाली. देवकाबाई, पवनारच्या बाजूची. तिच्या हाताची बोटं अर्धीच उरली होती. "जमीन का पायाले भाजून राह्यली?"

"मला घाई आहे."

"घाई समद्याइलेच असते. पाय भिजाले वीसच मिनिटं लागते."

मी बसले. तिनं माझा हात ओढून बघितला, न विचारता. "हे काय होय?"

करंगळीच्या बाजूला फोड होता, फुटून वाळत आलेला. "तव्याचा असेल."

"असंल? तुमाले मालूम नाई?"

"कामात लक्षात आलं नसेल."

"फोड आला थे नाई समजलं, अन् हातात समजते मनता?"

मला राग आला. मी वही काढली. तारखा दाखवल्या, आकडे दाखवले. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं वही नीट दूर धरून पाहिली.

"तपासते कोन?"

"मी स्वतः."

"डोये झाकून?"

"डोळे झाकले तर टेकवू कुठे?"

देवकाबाई हसायलाच लागली. "आइका वं!" ती बाकीच्यांना म्हणाली. "मास्तरीनबाई आपली परीक्षा आपनच घेते, अन् उत्तराचा कागद समोर ठेऊन!"

टबांतले पाय हलले, पाणी हललं. सगळे हसले. मीही ओठ ताणले. तिनं कोपऱ्यातल्या झाडूची एक काडी मोडली, अंगठा आणि अर्ध्या बोटात धरली. "डोये मीट. अन् लागलं तं सांगजो."

मी डोळे मिटले. पाण्याचा आवाज येत होता, रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं. मी वाट पाहत राहिले.

"लावा ना," मी म्हणाले.

या वेळी कोणी हसलं नाही.

"चारदा लावून झाली, बाई," देवकाबाई म्हणाली.

मग कैलासभाऊंनी बॉलपेन घेऊन रीतसर तपासलं. शून्य. करंगळी बाहेरच्या बाजूला सरकवायला सांगितली. सहा आठवड्यांपूर्वी सरकत होती, आता थरथरून जागीच राहिली. त्यांचा चेहरा पडला. "मॅडम, तुमचे आकडे बघून मीच डॉक्टरांना डोस कमी करायला सांगितलं."

डॉक्टरांनी डोस पुन्हा चाळीसवर नेला आणि कोपराला बांधायची पट्टी दिली. सहा महिन्यांच्या आत गेलेली संवेदना परत येऊ शकते, येईलच असं नाही, असं म्हणाल्या. घरातल्या कोणाकडून तरी एक दिवसाआड तपासून घ्या. आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी व्हायला हवी, तुम्ही ती दोनदा पुढे ढकलली आहे. हे त्यांनी चढ्या आवाजात म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

गोळ्यांसाठी थांबले असताना व्हरांड्यात कैलासभाऊ देवकाबाईचे तळपाय तपासत होते. ती डोळे मिटून बसली होती. ते टोक टेकवून विचारायचे, ती म्हणायची, "नाई." पुढचा बिंदू. "नाई." दोन्ही पाय मिळून वीस वेळा. तिचा आवाज एकदाही बदलला नाही.

ते उठल्यावर मी विचारलं, "किती वर्षं झाली असं?"

"तीस."

"कधी कळलं काही?"

"नाई."

"मग दर वेळी डोळे मिटून कशाला बसता? उत्तर तर ठाऊकच आहे."

देवकाबाईनं पायाला तेल लावायला घेतलं. "त्यानं इचारलं, आपुन सांगावं. नाई तं नाई. अन् एखाद्या दिवशी हो मनाची पाळी आली, तं त्याले खरं वाटलं पाह्यजे ना. मनतीन, ही म्हतारी कधी खोटं नाई बोलली."

"त्याला म्हणजे कैलासभाऊंना?"

"त्याले बी," ती म्हणाली आणि दुसरा पाय घेतला.

बसमध्ये मी वही उघडली नाही. नववीला मी एक प्रयोग घेते. डोळ्यांवर पट्टी आणि नाक बंद करून मुलांनी बटाटा आणि सफरचंद चवीवरून ओळखायचं. पट्टीखालून बघणाऱ्या मुलाला मी प्रत्येक वर्षी बाहेर काढते. इतकी वर्षं. आणि सहा आठवडे मी पेन टेकताना बघत होते, कळलं पाहिजे असं वाटत होतं, आणि कळत होतं. चार-चार लिहिताना मी मुद्दाम खोटं लिहिलेलं नव्हतं. तेच जास्त घाबरवत होतं. स्वतःवर विसंबता येत नाही, तर मग कशावर? हा प्रश्न घेऊन मी दोन थांबे आधी उतरले आणि उरलेली वाट भरभर चालले.

घरी दिवा लागला होता. सासूबाईंची प्रार्थना संपून शेवटची दोन मिनिटं चालू होती. मी चपला काढून भिंतीशी उभी राहिले. त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी सगळं सांगितलं. आजाराचं नाव घेतलं. माझ्यापासून आता धोका नाही, पण तुमची आणि अनुपची तपासणी करून एक गोळी घ्यावी लागेल, तेही सांगितलं.

त्यांनी दिव्याची वात जरा पुढे सारली. मग म्हणाल्या, "अनुपले मालूम हाये?"

"नाही. आज फोन करते."

"दीड महिना मणका मणका करत होती. मी तुया पाठीले रोज तेल लावून देल्लं."

"हो."

"पाठ दुखत नोयती?"

"नाही."

"अन् माये गुडघे दुखत होते, तरी लावलं!" त्यांचा आवाज फाटला. त्या उठून आत गेल्या. स्वयंपाकघरात एक डबा जोरात ठेवल्याचा आवाज आला, मग दुसरा. मला वाटलं, आता त्या माझं ताट वेगळं काढतील. माझ्या मनानं त्या ताटाची जागासुद्धा ठरवून टाकली होती. त्या आम्हा दोघींचा चहा घेऊन आल्या, रोजच्याच कपांत. "मंग आता काय कराचं मनते डाक्टर?"

मी पेन त्यांच्या हातात दिलं. चार जागा दाखवल्या.

"टेकवते हं आता," त्या म्हणाल्या.

"आई, सांगायचं नाही. सांगितलं की मला कळल्यासारखं वाटतं."

"बरं." पुन्हा सुरू केलं. "हे पाह्य..."

"आई!"

"अवं, सवय हाये तोंडाची! थांब." त्यांनी पदराचं टोक दातांत धरलं.

मी डोळे मिटले. त्या खोलीत, त्या बाईसमोर, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. उदबत्तीचा वास होता. कुठे टेकलं, टेकलं का, मला काही माहीत नव्हतं. आत सगळं धावत होतं. फोन करायचा, अनुप काय म्हणेल, फळा, मुलीची आई. मी म्हणाले, "नाही." जरा वेळानं पुन्हा म्हणाले, "नाही." खरं सांगायला इतका जोर लागतो, हे मला माहीत नव्हतं. चारही शून्य. सासूबाईंनी वहीत चार गोळे काढले, मोठे, पोळीसारखे.

अनुप त्या शनिवारी आले. रविवारी दुपारी अंगणात गाडी धूत राहिले, धुतलेली गाडी पुन्हा धुतली. सोमवारी रजा टाकून आईला घेऊन तपासणीला गेले. दोघांनाही काही नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी शाळेतून परस्पर दवाखान्यात गेले आणि कैलासभाऊंना म्हटलं, व्हरांड्यातल्या बारा जणांच्या नोंदी मी ठेवते. डाव्या हातानं लिहीन, वेळ लागेल. ते आधी घाबरून नको म्हणाले. देवकाबाईच म्हणाली, "येऊ द्या. तिले बसाले जागा पाह्यजे कुठंतरी." तेव्हापासून मी जाते. पेन टेकवते, विचारते. वीस वेळा 'नाई' ऐकते आणि वीस वेळा लिहिते. वर्गातल्या मुलीची आईसुद्धा मग भेटली. तिनं मला बघून पदर चेहऱ्यावर ओढला, तेव्हा कळलं की तीही मलाच चुकवत होती.

मी शांत झाले असं नाही. गोळ्या चालूच आहेत. चंचुपात्रं अजून पुसते. दिवेलागणीला मात्र पाटावर बसते, कारण तपासणी आता त्यानंतरच होते. सासूबाईंनी ती प्रार्थनेलाच जोडून टाकली आहे. त्या शेवटच्या दोन मिनिटांत माझे डोळे मिटलेले असतात. समोर कोणी आहे का, मला ठाऊक नाही. कोणी विचारलं तर खरं सांगायचं, एवढंच मी तिथे करते.

अकराव्या आठवड्यातली गोष्ट. पदर दातांत, पेन हातात. पहिल्या जागेला मी "नाही" म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. बाहेर कोणीतरी गाईला हाकत होतं. तळव्याच्या कडेला, फार खोल, ओल्या कागदामागून बोट फिरवावं तसं काहीतरी आलं. मी थांबले. ते मला हवं होतं म्हणून आलं का? मी पुन्हा मनात तपासलं. होतं.

"इथे," मी म्हणाले आणि डाव्या हातानं जागा दाखवली.

बरोबर की चूक, त्या बोलल्या नाहीत. पापण्या हलल्याच असाव्यात माझ्या, कारण कपाळावर एक टिचकी बसली.

"डोये नको उघडू," सासूबाई दातांतल्या पदरातून म्हणाल्या. "अजून दोन राह्यले."