कोरीनच्या विमानाचा डावा पंख

मे महिन्याच्या तीन तारखेला कोरीन बिक्सबी माझ्या विमानदुरुस्तीच्या वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहिली. ती कशाला आली, हे विचारायची गरजच नव्हती. हातात थर्मास होता आणि अंगात हार्लनचा जुना कोट. हार्लन म्हणजे तिचा नवरा. गेल्या ऑक्टोबरात डोंगरापलीकडच्या शिकारीच्या तळावरून तो एकटाच विमान घेऊन खिंडीच्या वाटेनं घराकडे निघाला आणि पोचलाच नाही. गावातल्या ज्याच्या ज्याच्याकडे विमान होतं, तो प्रत्येक जण अकरा दिवस डोंगर धुंडाळत होता. बाराव्या दिवशी बर्फ पडायला लागला तो थांबेचना. शोध तिथेच संपला.

"आर्विड, शेडसमोरचा बर्फ मी काढलाय," ती म्हणाली. "कॉफी आणलीय. चल."

"अगं, धावपट्टीवर अजून चिखल आहे."

"वाळेल की. तोवर विमान तयार करू. पानं फुटायच्या आत मला उडायचंय."

आमच्या अलास्कात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खिंडीतला बर्फ वितळल्यापासून झाडांना पालवी फुटेपर्यंत जेमतेम दोन आठवडे मिळतात. तेवढ्यात वरून जमीन उघडी दिसते, पत्र्याचा तुकडासुद्धा उन्हात चमकतो. एकदा सगळं हिरवं झालं की खाली अख्खं विमान पडलेलं असलं तरी डोळ्यांना लागत नाही. कोरीननं अख्खा हिवाळा त्या दोन आठवड्यांकडे बघत काढला होता.

ती गावातलं पोस्ट सांभाळते आणि पंचवीस वर्षं विमान चालवते. तिचं स्वतःचं विमान छोटंसं, दोन आसनांचं. पंख जुन्या पद्धतीचे, लाकडी तुळयांवर कापड ताणलेले. "आमच्या घरात खरी वैमानिक ती, मी नुसता सामान वाहतो," असं हार्लन चारचौघांत सांगायचा.

पहिला दिवस चांगला गेला. मागच्या आसनाखाली उंदरांनी घर केलं होतं. कोरीननं हातमोजे घालून ते सगळं बाहेर काढलं.

"बघ, फुकटे प्रवासी," ती म्हणाली. "आणि माझा लोकरी स्कार्फ कुरतडून गादी केलीय मेल्यांनी."

"तारा नाही ना कुरतडल्या?"

"त्या तू बघ. माझा तर जीव स्कार्फात अडकलाय."

तारा शाबूत होत्या. टाकीच्या तळाची झडप उघडून मी बाटलीत पेट्रोल घेतलं, तर खाली पाण्याचा थेंब बसलेला. दुसऱ्या बाटलीत थोडा कमी, तिसरी स्वच्छ. तेल बदललं. इंजिनाचे प्लग काढून आत थोडं थोडं तेल सोडलं आणि पुढचा पंखा हातानं सावकाश फिरवत राहिलो. सहा-सात महिने झोपलेल्या इंजिनाला एकदम दामटायचं नसतं. दुपारी चारला कोरीन आत बसली आणि चौथ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. आधी खोकल्यासारखं, मग एका लयीत. काचेआडून ती हसली. ऑक्टोबरपासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं.

"मला तो जिवंत सापडेल असं वाटत नाही हं," इंजिन बंद केल्यावर ती म्हणाली. "तू मला वेडी समजू नकोस. तो कुठे आहे तेवढं मला कळू दे. बास."

दुसऱ्या दिवशी पंख तपासायला घेतले. उजवा पंख बोटांनी वाजवत गेलो, कापड टणटणीत होतं. डाव्या पंखाच्या मुळाशी, खालच्या बाजूनं, चहा सांडल्यासारखा डाग होता. मी वर पाहिलं. बर्फाच्या वजनानं शेडचा पत्रा वाकला होता आणि बरोबर तिथेच फट पडली होती. सगळा हिवाळा पाणी ठिबकत राहिलं होतं.

तपासणीची झाकणी काढून मी टॉर्च आणि लहान आरसा आत घातला. पंखाचा सगळा भार ज्या तुळईवर असतो, ती काळी पडली होती. टोच्या लावला. साबणात जावा तसा तो आत गेला.

कोरीन दुसऱ्या बाजूनं काच पुसत होती. मी टोच्या दुसऱ्यांदा लावला, तेव्हा तिचा हात थांबला.

"काय झालं?"

"तुळई कुजलीय."

"किती?"

"हातभर तरी. कदाचित जास्त."

"पट्टी मारता येईल?"

"नाही, कोरीन. नवी घालावी लागेल. लाकूड मागवायचं, कापड फाडायचं, परत ताणायचं. ऑगस्ट उजाडेल."

ती जवळ आली आणि तिनं स्वतः टोच्या लावून पाहिला. मग हळू आवाजात म्हणाली, "मी हळू चालवीन. गिरक्या घेणार नाही. दहा दिवसांचाच तर प्रश्न आहे, आर्विड."

"खिंडीतला वारा तुला विचारून येणार आहे का?"

"तू ऑक्टोबरात काय म्हणाला होतास? दर महिन्याला शेडमध्ये जाऊन विमान बघीन, तू काळजी करू नकोस. म्हणाला होतास ना?"

"हो."

"किती वेळा आलास?"

"एकदाही नाही."

खरं तेच सांगितलं. शेडकडे जाणारा रस्ता तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून जातो. त्या खिडकीत ती बसलेली असायची. तिच्याशी काय बोलायचं, ते मला सुचत नव्हतं. डिसेंबरात एकदा निघालो होतो, वळणावरून गाडी मागे फिरवली. तेवढ्या चार पावलांची हिंमत केली असती, तर ताडपत्री टाकून पंख वाचला असता.

"मग तपासणीच्या वहीतली तुझी सही गेली खड्ड्यात," ती म्हणाली. "मी तशीच उडणार."

ती उडाली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी शेडमध्ये गेलो आणि पुढचा पंखा काढायला घेतला. सहा बोल्ट. पाचवा निघत असताना ती दारात आली. धावली नाही, ओरडली नाही.

"चोर," एवढंच म्हणाली.

"हो," मी म्हटलं, आणि सहावा बोल्ट काढला. पंखा घोंगडीत गुंडाळून ट्रकमध्ये ठेवेपर्यंत ती तिथेच उभी होती.

मग तिला कुणीतरी आपल्या विमानातून न्यावं म्हणून मी फोन करत सुटलो. माझी नजर अधू झाल्यापासून मी स्वतः उडत नाही. कुणाची विमानं चाकं काढून पाण्यावर उतरायचे तरंडे बसवायला गेलेली, कुणाचं इंजिन उघडलेलं. शेवटी शेजारच्या गावातला वेंडेल तयार झाला. सलग तीन दिवस सकाळी तो तिला घेऊन गेला. पहिल्या दिवशी ढग खाली उतरलेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी उत्तरेचा अख्खा उतार पाहिला. एके ठिकाणी काही चमकलं म्हणून पाच वेळा घिरट्या घातल्या, तो ओढा निघाला. तिसऱ्या दिवशी खिंडीत असा वारा होता की वेंडेलनं तोंडाशीच विमान वळवलं. चौथ्या दिवसापासून त्याची मालवाहतूक सुरू झाली.

"तिनं एक अक्षर काढलं नाही वाटेत," त्यानं मला सांगितलं. "नुसती काचेला कपाळ लावून बसलेली. पुन्हा नाही रे जमायचं मला."

अठरा तारखेला नदीकाठची झाडं हिरवी झाली. चार दिवसांत हिरवळ डोंगरावर चढली.

जूनच्या शेवटी कोरीन परत माझ्याकडे आली. दीड महिन्यात आम्ही टपालाची खिडकी सोडून एकमेकांसमोर उभे राहिलो नव्हतो.

"ती तुळई काढ," ती म्हणाली. "मला बघायचीय."

आम्ही दोघांनी मिळून पंख उतरवला, कापड कापलं. मी तुळई बाकावर ठेवली. वरून रंग होता, आत ओल्या भुशासारखं झालं होतं. "तोडून दाखव," ती म्हणाली. फार जोर लावावा लागला नाही. गुडघ्यावर धरून दाबली, तशी ती आवाजही न करता दुमडली.

दुमडलेल्या जागेवरून तिनं अंगठा फिरवला.

"किती वेळ टिकली असती?"

"वारा नसता तर अर्धा तास. कदाचित जास्त. सांगता येत नाही."

"खिंडीपर्यंत वीस मिनिटं लागतात."

मी तुळई परत बाकावर ठेवली.

"म्हणजे तिथवर पोचले असते मी," कोरीन म्हणाली. आवाज अगदी साधा होता, पत्ता सांगावा तसा.

मला वाटलं होतं, ते कुजलेलं लाकूड पाहून ती कधीतरी मला माफ करील. ते लाकूड म्हणजे माझा पुरावा होता. पण तिला वाचवलं, हीच तर तिची तक्रार होती, आणि त्यावर दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

"कोरीन, आज जेवायला घरी ये," मी कसाबसा म्हणालो. "मासा आहे."

"पोस्ट उघडायचंय," ती म्हणाली. कोटावरचा भुसा झटकला आणि गेली.