तासांचा तक्ता

दादाच्या जाहिरात एजन्सीत कामाचा नुसता सावळागोंधळ होता. एकाच पोस्टरच्या सात-सात फाइली, प्रत्येकीच्या नावात 'फायनल', आणि छापायला हमखास चुकीचीच जायची. एकदा तर बेबी पावडरच्या डब्यावर टायर कंपनीचा फोन नंबर छापून आला. त्या दिवशी दादाने धाकट्या बहिणीला केबिनमध्ये बोलावलं. ती तिथे नऊ वर्षं डिझायनर होती.

"अगं, तूच हे निस्तर. कोण काय करतं, किती वेळ लागतो, कुठे अडतं, सगळं बघ. तू विचारलंस तर लोक खरं सांगतील. मी विचारलं की नुसत्या माना डोलावतात."

"बघते. पण यावरून कुणाला धारेवर धरायचं नाही, आधीच सांगते."

"आईशप्पथ," तो म्हणाला.

ती कामाला लागली. सगळ्या फाइली एका जागी, प्रत्येकीवर तारीख. क्लायंटने सांगितलेले बदल फोनवर घ्यायचे नाहीत, लेखीच. आणि कुठल्या कामाला किती तास लागले, त्याचा एक तक्ता, सहा आठवडे प्रत्येकाने भरायचा. लोक कुरकुरले. काकांनी तर साफ नकार दिला. काका म्हणजे फोटो दुरुस्त करणारे, ऑफिसातले सगळ्यात जुने. ती नवखी असताना स्क्रीनवर रंग कसा बघायचा, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

ती स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसली. "काका, लिहा ना. आणि खरं लिहा. चार तास लागले तर चार. तरच तुमच्या डोक्यावरचं ओझं कमी करता येईल. मी आहे ना."

"तू आहेस म्हणून लिहितो," काका म्हणाले. आणि त्यांनी लिहिलं. बाकीच्यांनी हात राखून, तास कमीच करून लिहिलं.

दुसऱ्या महिन्यात एकही चुकीची फाइल छापायला गेली नाही. लोक सहाच्या ठोक्याला घरी जाऊ लागले. दादाने सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. तिने आईला लगेच फोन करून सांगितलं.

पुढच्या सोमवारी काकांचं टेबल रिकामं होतं. आणखी दोघांचंही. शनिवारी तिघांना पत्रं दिली, असं रिसेप्शनवरच्या बाईंनी सांगितलं. सांगताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

ती तडक केबिनमध्ये घुसली. दादाच्या स्क्रीनवर तिचाच तक्ता होता, तीन ओळी लाल केलेल्या.

"दादा, हे काय आहे?"

"तूच काढलंयस. ज्या फोटोला दुसऱ्यांना दीड तास लागतो, त्याला यांना चार."

"अरे, दुसऱ्यांच्या फाइली बाहेर जायच्या आधी कोण तपासत होतं? काकाच! कुणाला न सांगता..." बोलता बोलता ती थांबली. त्या कामाला तक्त्यात रकानाच नव्हता. तक्ता तिनेच आखला होता.

"तू शपथ घेतली होतीस."

"धारेवर कुठे धरलं? नीट निरोप दिला." दादाने मान वर केली नाही. "आणि पत्रात तुझ्या नावानिशी या तक्त्याचा उल्लेख आहे. उगाच माझ्यावर वाईटपणा नको."

ती तशीच बाहेर पडली.

दुपारी ती काकांच्या घरी गेली. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"काका, मला खरंच माहीत नव्हतं."

"नसेल." काका म्हणाले. "पण पत्र वाचताना तुझं नाव आलं ना, तेव्हा वाटलं, दुसऱ्या कुणाचं असतं तर बरं झालं असतं."

दार त्यांनी सावकाश लावलं, आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, की तास तिने गोळा केले, पत्रं तिची नव्हती. शेजारच्या मुलीने आपली स्क्रीन जराशी पलीकडे वळवली. ते पाहून तिने तिथेच राजीनामा लिहिला.

"अगं, सख्खा भाऊ आहे तुझा, तोडू नकोस," आई फोनवर रडली.

"मी कुठे तोडलं, आई?"

नंतर तिने ओळखीच्या एका छापखान्यात काकांसाठी शब्द टाकला. त्यांनी काकांना ठेवून घेतलं. नाव कुणी सुचवलं, ते काकांना कळू द्यायचं नाही, असं तिने छापखानेवाल्याला बजावलं होतं.