एक्केचाळिसावं घर

पूर उतरून सहा दिवस झाले होते. मळीवाडीच्या चावडीपुढचा चिखल अजून वाळला नव्हता, पण माणसं बसायला आली होती. घरात बसायला जागाच नव्हती, म्हणून जो तो चावडीच्या पायरीवर.

तिथं आप्पासो गवंडी आणि रिटायर सुभेदार हंबीरराव यांची जुंपली. ही दोघं शेजारी शेजारी बसली की काहीतरी होणारच, हे गावाला माहीत होतं, त्यामुळं लोक जरा पुढं सरकले.

"सुभेदार, खालच्या आळीत घरं किती?"

"एक्केचाळीस."

"गौरी यायच्या आदी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस घरांत सरकारचं धान्य येतंय बगा. दहा किलो गहू, दहा किलो तांदूळ. लिवून घ्या."

"न्हाई येत." हंबीररावांनी मिशीवरनं बोट फिरवलं. "चोवीस वर्सं फौजेत काढली म्या. यादी झाली का त्यात एक गडी गळतोच. कितीबी वेळा मोजा."

"लावता पैज?"

"लाव की! काय लावतूस?"

आप्पासोनं इकडं तिकडं बघितलं. समोर पिठाची गिरणी बंद पडलेली. तिची मोटार दोन दिवस उन्हात पोत्यावर वाळत घातलेली. आप्पासोच्या डोक्यात जे यायचं ते लगेच तोंडात यायचं.

"हरंल त्यानं हितंच, चावडीम्होरं, समद्या गावादेखत जात्यावर पाच किलो गहू दळायचं. आन् ओव्या म्हनत दळायचं. मुक्यानं न्हाई."

हशा झाला. पाणी भरायला आलेल्या बायकाही थांबल्या. सुभेदारांनी हातावर हात मारला. लागली पैज.

आप्पासोला वाटलं होतं की जिंकल्यातच जमा आहे. खालच्या आळीत पाणी शिरलं नाही असं एकही घर नव्हतं. आठ दिवस अख्खी आळी शाळेत झोपली होती. मग गळणार कोण?

दुसऱ्या दिवशी तलाठी मॅडम पंचनाम्याला आल्या. नाव संयोगिता, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, माहेर कराडचं. तीन गावं त्यांच्याकडं होती आणि झोप आठवड्याभरात मिळाली नव्हती, हे त्यांच्या डोळ्यांकडं बघून कळत होतं. पायात गमबूट, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. प्रत्येक घरात जायच्या, भिंतीवर पुराच्या पाण्याची जी तपकिरी रेघ उमटली होती तिचा फोटो काढायच्या, घरवाल्याला फोटोत उभं करायच्या, पुढं. एवढंच काम. पण रेघ दिसली पाहिजे, असा वरनं हुकूम होता.

आप्पासो लांबनं चालला होता. मॅडमच्या समोर यायला त्याला तोंड नव्हतं. पुरात सगळे शाळेत असताना यानंच स्पीकर हातात घेऊन साहेबी आवाजात खोटंच सांगितलं होतं, "पूरग्रस्त बंधू-भगिनींनो, आज संध्याकाळी मटण आहे, भांडी घेऊन या." तीनशे माणूस पातेली घेऊन रांगेत उभं राहिलं. त्या रांगेला समजावता समजावता मॅडमचा आवाज बसला होता, तो अजून बसलेलाच होता.

चाळीस घरं झाली. एक्केचाळिसावं भामाबाईचं.

भामाबाई मूळची दुष्काळी माणची. तीस वर्षांपूर्वी नवऱ्यासंगट मेंढरं घेऊन नदीकाठाला आली, मेंढरं गेली, नवराही गेला, ती इथंच राहिली. "माणात पान्यापायी गाव सोडलं, आन् हितं पान्यानंच घर सोडाय लावलं," असं शाळेत ती स्वतःच हसून सांगायची. पाणी ओसरताच सगळ्यांच्या आधी घरी परतलेली बाई ती. पाच दिवस तिनं गाळ उपसला. कणगीतला जोंधळा कुजून कोंब आले होते, तो उकिरड्यावर टाकला आणि जेसीबीनं सगळ्या आळीच्या घाणीबरोबर तोही उचलून नेला. मग भिंती खरवडून तिनं चुन्याचे दोन हात दिले. खाली कावेचा तांबडा पट्टा. चुलीपुढं सारवलं. घर असं की आत पाय ठेवताना लाज वाटावी.

मॅडम उंबऱ्यातच थांबल्या.

"मावशी, इथं पाणी आलं होतं?"

"आलं हुतं म्हंजी? माज्या डोसक्याएवढं हुतं की."

"मग रेघ कुठं आहे?"

"पुसली की ती." भामाबाईला प्रश्नच कळला नाही. "गौरी यायची हाय लेकी. चिखलात कुटं बसवू तिला?"

मॅडमनी मोबाईल वर केला, भिंत पांढरीशुभ्र. मोबाईल खाली घेतला.

"मॅडम, आमी सांगतो की, आमी समदी साक्षीदार हाय," शेजारचा नाथाजी पुढं झाला.

"काल वरच्या आळीतले अकरा जण आले होते. सगळ्यांना शेजाऱ्यांची साक्ष होती. त्यांच्यातल्या एकाच्याही दारात पाणी गेलं नव्हतं." बसलेल्या आवाजात त्या म्हणाल्या. "शाळेत तर दोन्ही आळ्या होत्या, त्याचा उपयोग नाही. मावशी, मी काय लिहू सांगा? उद्या दुपारी बाराला यादी तहसीलला जाते. तोपर्यंत काही पुरावा सापडला तर दाखवा."

त्या गेल्या. सुभेदार हळूच म्हणाले, "म्या म्हनलं न्हवतं, एक गळतोच?" त्यात आनंद नव्हता, पण कोणीतरी मागून ओरडलंच, "आप्पा, जातं धुवून ठेव!" आप्पासोही हसला. हसायची सवयच त्याला.

संध्याकाळी तो भामाबाईकडं गेला. चुलीवर छोटं पातेलं होतं. डब्यात शाळेतनं आणलेला तांदूळ उरला होता, दोन मुठी, फार तर अडीच.

"भामाक्का, एवढंच?"

"नाथाजीच्या घरनं भाकरी येती. पर त्येंचीबी खानारी तोंडं सात हायती. आज आली तवा म्या म्हनलं, माजं जेवान झालं."

"झालं हुतं?"

"तुला काय करायचंय रं?"

आप्पासो घरी गेला, पण त्याला काही सुचेना. सकाळी नऊला तो परत आला तेव्हा एका हातात बादली होती आणि खांद्यावर लेव्हलचा पाईप. लेव्हलचा पाईप म्हणजे गवंड्याचं सोनं. पारदर्शक नळी, आत पाणी. एक टोक इथं धरा, दुसरं चार भिंती पलीकडं, दोन्हीकडं पाणी एकाच उंचीला उभं राहतं. त्यानं नाथाजीला त्याच्या घरात उभं केलं, तिथल्या पुराच्या रेघेला नळीचं एक टोक धरायला लावलं. दुसरं टोक खिडकीतनं भामाबाईच्या घरात आणलं. बादलीत नदीचा गाळ कालवलेला, जुनाट रंग यावा म्हणून त्यात चहाचा चोथा. अशा कामात तो पटाईत होता.

"काय करतूस आप्पा?"

"रेघ काढतोय, आक्का. खरीच रेघ हाय. तू पुसलीस, म्या परत काढतोय. एक सूतभर इकडं-तिकडं न्हाई, बग."

त्यानं चिंधीच्या बोळ्यानं दीड हात रेघ ओढली. चुन्यावर गाळ बसला. हुबेहूब.

"खरी हाय तर अशी चोरून का काढाय लागती?" भामाबाई म्हणाली.

"चोरून कुटं? दार उघडंच हाय की."

"माज्यासाठी काढतूस का पैजंसाठी?"

आप्पासोच्या हातातला बोळा थांबला.

"दोनीसाठी," शेवटी तो म्हणाला.

"मग पूस त्ये. गौरीच्या भिंतीवर लबाडी नगं मला."

"आक्का, बारा वाजंपतूर..."

"पूस म्हनते न्हवं!"

तेवढ्यात दारात सावली पडली. गमबूट. मॅडम उभ्या होत्या. खरं तर त्या भामाबाईसाठीच आल्या होत्या, काही सापडलं का बघायला, यादी घेऊन जायच्या आधी. त्यांनी भिंत बघितली, बादली बघितली, आप्पासोचे कोपरापर्यंत बरबटलेले हात बघितले. मोबाईल पिशवीतनं काढला आणि फोटो घेतला.

"मटणानंतर आता हे," त्या म्हणाल्या.

"मॅडम, ऐका तर..."

"तुम्ही ऐका. तुम्ही एक रेघ काढू शकता म्हणजे चाळीस काढू शकता. मी कालचे फोटो कोणत्या तोंडानं वर पाठवू? उद्या चौकशी लागली तर माझी नोकरी जाईल. खालच्या आळीचे सगळे पंचनामे परत करावे लागतील. आजच्या यादीत तुमची आळी नसणार."

बाहेर बायका-पुरुष जमले होते. ते शब्द दारातनं बाहेर गेले आणि पाठोपाठ ओरडा आला.

"आप्प्या, तुज्या पैजंपायी चाळीस घरं उपाशी मारतूस का रं?"

"भाईर काडा त्याला!"

"आवं, माज्या लेकराला दूध न्हाई चार दिस, आन् ह्येला मस्करी सुचती!"

सुभेदार गर्दीतनं आत आले. "मॅडम, ह्यो खुळा हाय. ह्येच्यापायी आळीला सजा नगा दिऊ. पैज म्या हारलो म्हना, आत्ता हारलो."

"सुभेदार, हा पैजेचा प्रश्न नाही."

"बाई, माजं नाव नगं घालू," भामाबाई म्हणाली, आवाज न चढवता. "पर त्या चाळीसांनी काय केलंय?"

मॅडमनी घड्याळ बघितलं. सव्वादहा.

भिंतीपलीकडनं नाथाजीचा आवाज आला, "आप्पा, धरू का सोडू रं? हात गेला माजा!"

कोणी हसलं नाही. आप्पासोही नाही. पन्नास वर्षांत लोक त्याच्यावर रागावले होते, धावून आले होते, पण कोणाच्या पोटावर पाय दिला असं कोणी म्हटलं नव्हतं. आज म्हणत होते आणि खोटं म्हणत नव्हते. तो तसाच उभा, नळीचं टोक भिंतीला टेकवून. नळीतलं पाणी हातामुळं वरखाली होत होतं. हात आवरला तसं ते थांबलं. थांबलं तिथंच शेजारी लाइटचं मीटर होतं.

मीटरच्या काचेवर तपकिरी डाग होता. अरे देवा, तिथंही उडवला का आपण गाळ? त्यानं अंगठ्यानं पुसलं. अंगठ्याचा गाळ काचेला लागला, तो बाहीनं पुसला. डाग तसाच. आडवा. सरळ. नळीतल्या पाण्याच्या शेजारी, त्याच उंचीला.

"मॅडम," तो म्हणाला. "हिकडं या जरा."

"आता काय?"

"ह्ये पुसून बगा."

"मी तुमच्या..."

"तुमीच पुसा. म्या हात लावत न्हाई." तो दोन पावलं मागं झाला. नळी मात्र हात लांब करून तशीच धरली.

मॅडम आल्या. ओढणीच्या टोकानं काच घासली. भामाबाईनं ती काच बाहेरनं आधीच अशी लखलखीत केली होती की पुसायला काही नव्हतंच. रेघ आतनं होती. मीटरच्या पेटीत पुराचं पाणी शिरलं होतं, उभं राहिलं होतं आणि उतरताना गाळ आतल्या बाजूला ठेवून गेलं होतं. मॅडमनी मोबाईलचा टॉर्च लावला. पेटीच्या खाली वीज मंडळाचं सील, तार आणि त्यावरचा शिशाचा ठोकळा, दोन्ही जागच्या जागी; पेटी कोणी उघडलेली नव्हती. त्यांनी तार बोटानं ओढून बघितली. एकदा, दोनदा.

कोणालाच आत काय चाललंय ते दिसत नव्हतं.

"तिकडचं टोक कोणी धरलंय?"

"म्या! म्या नाथाजी!"

"रेघेवरच धरलंय ना?"

"मघाधरनं रेघंवरच हाय वो मॅडम, आता सोडू का?"

"सोडायचं नाही!" मॅडम तशाच नाथाजीच्या घरात गेल्या, बघून आल्या. मीटरचा फोटो काढला, सीलचा काढला, नळीसकट काढला. मग पुढच्या घरात गेल्या. त्या घराच्या मीटरमध्येही तीच रेघ. त्याच्या पुढच्यातही. आप्पासो चिखलाचे हात अंगापासून लांब धरून मागं मागं, आणि त्याच्या मागं सगळी आळी. पाचव्या घरातलं मीटर उंच होतं, तिथं रेघ नव्हती, आणि सगळे दारातनं आत डोकावले. मॅडमनी भिंतीवरची रेघ बघितली, मीटर तिच्या हातभर वर. मान हलवली. पुढं. नऊ घरं झाल्यावर त्या थांबल्या आणि भामाबाईच्या घरात परत आल्या.

"अकरा चाळीस," त्या म्हणाल्या. "कालचे फोटो जातात. मावशी, या मीटरजवळ उभ्या राहा. फोटोत तुम्ही लागता."

भामाबाई पदर नीट करून उभी राहिली, भिंतीला पाठ न लावता, चुना निघेल म्हणून.

"आणि आप्पासो, ती दीड हात कारागिरी आधी पुसा. तुमचा फोटो मी ठेवणार आहे. पुन्हा स्पीकरवर तुमचा आवाज आला की मग बघू."

"आवाजच काडत न्हाई मॅडम आता," आप्पासो म्हणाला आणि भिंत पुसायला बसला. पुसून झाल्यावर भामाबाईनं चुन्याचा डबा त्याच्या पुढ्यात आदळला.

धान्याचा टेम्पो गौरी यायच्या आदल्या दिवशी आला. रेशन दुकानापुढं नावं वाचली जात होती आणि आप्पासो बोटं मोजत होता. एकोणचाळीस. चाळीस. मग मध्येच पोती उतरवायला थांबले. तेवढा वेळ तो उभाच राहिला. मग नाव आलं. भामाबाई दोन पिशव्या घेऊन दुकानातनं बाहेर पडली, एक डोक्यावर, एक काखेत, आणि कोणाला हात लावू देईना.

जातं तिचंच आणलं. पुरात तेवढं एकच काय ते जागचं हललं नव्हतं. दोन गड्यांनी ते चावडीपुढं ठेवलं, खाली पोतं अंथरलं. हंबीरराव इस्त्रीची पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून बसले. सगळी आळी गोळा. पोरी मोबाईल धरून पुढच्या रांगेत.

भामाबाईनं जात्याच्या तोंडात पहिली मूठ टाकली.

सुभेदारांनी खुंटा धरला आणि जोर लावला.

"आवं सुभेदार, उलटं फिरवताय!" बायका ओरडल्या.

"सुलटं कुनीकडनं असतंय?"

"आमच्याकडनं!"

फिरवलं सुलटं. पीठ पडायला लागलं, भरड, पण पीठ.

"ओवी!" आप्पासो म्हणाला. "मुक्यानं न्हाई ठरलंय."

"मला ओव्या येत न्हाईत."

"मग येतंय त्ये म्हना."

सुभेदारांनी घाम पुसला, तेव्हा अर्धी मिशी पांढरी झाली. त्यांनी छाती पुढं काढली, डोळे मिटले आणि सगळ्या चावडीला ऐकू जाईल अशा आवाजात जात्याच्या फेऱ्यावर सुरू केलं, "एक-दो-एक! एक-दो-एक! दाहिने मुड!"

भामाबाई हसता हसता मूठ टाकायची विसरली. रिकामं जातं खडखडायला लागलं तसे सुभेदार थांबले.

"किती झालं, भामाबाई?"

"पावशेर," ती म्हणाली आणि पुढची मूठ टाकली. "चला सुभेदार, अजून लय हाय."