काजं कशी करायची

ताईने स्टुलावर चढून घंटेचा एक स्क्रू काढला, दुसऱ्याला स्क्रूड्रायव्हर लावला आणि घंटा तिच्या हातातच वाजली.

खाली तिचा धाकटा भाऊ स्टूल धरून उभा होता. तो स्टूल सोडून कॉम्प्युटरकडे धावला आणि ताई पडता पडता वाचली.

"ताई, कुणीतरी शोधलं! खरंच शोधलं!"

मावशीच्या शिवणाच्या खोलीत, कापडाचे गठ्ठे एका बाजूला सारून, या दोघांनी कंपनी काढली होती. माणसाने काहीही विचारावं आणि इंटरनेटच्या पसाऱ्यातून नेमकं पान त्याच्यापुढे यावं, एवढंच काम. पण ते आपल्यासारखं कुणालाच जमत नाही असा दोघांचा ठाम समज होता. कुणी काही शोधलं की घंटा वाजायची, ही ताईची करामत. घंटा वाजली की हातातलं काम टाकून ओरडायचं, हा धाकट्याचा नियम. पण गेले कित्येक दिवस ओरडायची वेळच आली नव्हती.

त्या संध्याकाळी एका मोठ्या कंपनीचे साहेब यायचे होते. सही केली की यांची कंपनी त्यांची, आणि ही दोघं त्यांच्याकडे नोकरीला. सकाळी मावशीच्या देखतच ते ठरलं. मशीन थांबवून, "बटणं संपलीत, घेऊन येते," म्हणत मावशी पिशवी घेऊन बाहेर पडली.

"शोधलंय काय?" ताईने वरूनच विचारलं.

"'हाताने काजं कशी करायची.'"

"काजं?"

घंटा पुन्हा वाजली. 'बाहीला अस्तर कसं लावायचं.' थोड्या वेळाने पुन्हा. 'कॉलर ताठ राहायला आत काय घालतात.' धाकटा दर वेळी ओरडत होता आणि शेजारी भिंतीवर थापा मारत होते.

"ताई, कळलं का तुला? शिंप्यांमध्ये आपलं नाव झालंय!"

"शिंप्यांमध्ये?"

"मग काय तर! एकाने दुसऱ्याला सांगितलं असणार."

धाकटा हवेत इमले बांधायला लागला की ते पाडायचं काम एरवी ताईचं. त्या दिवशी तिने काढलेला स्क्रू पुन्हा पिळून घट्ट बसवला. साहेब आले तेव्हाही घंटा वाजत होती. ताईने त्यांना चहा दिला आणि सही न करताच वाटेला लावलं.

मावशी दिवेलागणीला परतली ती रिकामी पिशवी घेऊन. "मनासारखी मिळालीच नाहीत," म्हणाली आणि मशीनवर बसली. तिच्याकडे बघायला सवड होती कुणाला!

दुसऱ्या दिवसापासून दोघं हात धुऊन शिवणकामाच्या मागे लागली. टाके, बेतणं, रफू, जिथे जे पान सापडेल ते त्यांनी नीट लावून ठेवलं. मग खरोखरच शिंपी आले. त्यांच्यामागून त्यांची गिऱ्हाइकं आली, गिऱ्हाइकांची पोरं आली, मग डॉक्टर, वकील, सगळेच. शेजाऱ्यांची झोप उडाली तेव्हा ताईने घंटा शंभर शोधांना एकदा वाजेल अशी केली, मग हजाराला, मग लाखाला. खोलीचा मजला झाला, मजल्याच्या इमारती झाल्या. ती मोठी कंपनीसुद्धा यांनीच विकत घेतली. साहेब आता यांच्याकडे चौथ्या मजल्यावर बसतात आणि ताई दिसली की आवर्जून चहा विचारतात.

नव्या मुख्यालयाच्या उद्घाटनाला जुनी घंटा दालनाच्या मधोमध टांगली होती. आता ती कोटीला एकदा वाजायची, आणि ज्या शोधाला वाजायची तो व्यासपीठामागच्या पडद्यावर उमटायचा. धाकटा व्यासपीठावर रंगात आला होता.

"त्या अनोळखी शिंप्यामुळे आम्ही आज इथे आहोत. जगाला आम्ही काय काय शोधून दिलं, पण तो शिंपी मात्र मला अजून सापडलेला नाही!"

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत मावशीही वाजवत होती.

"किती उकडत होतं गं त्या दिवशी," ती ताईच्या कानाशी म्हणाली.

"कुठे?"

"बटणांच्या दुकानाच्या वर ती कॉम्प्युटरची खोली होती ना, तिथे. एका बोटाने टाइप करायचं म्हणजे जीव जातो. आणि मला शिवणाशिवाय दुसरं सुचणार काय विचारायला? तुम्हाला कळलंच असेल म्हणा."

ताईला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. इतक्या वर्षांत घंटेचा ताबा तिने कुणालाच दिला नव्हता. तिने घंटा आपल्या फोनला जोडली आणि तो मावशीच्या हातात ठेवला.

"विचार काहीतरी."

मावशीने चष्मा सावरला आणि एका बोटाने सावकाश टाइप केलं.

घंटा वाजली. व्यासपीठावर धाकटा बोलता बोलता थांबला. त्याने घंटेकडे पाहिलं, मग मागच्या पडद्याकडे. तिथे अक्षरं उमटली होती: 'हाताने काजं कशी करायची.' तो हळूहळू पहिल्या रांगेकडे वळला. ओरडायचा नियम त्याचाच, पण त्याच्या तोंडून आवाज फुटेना.

मावशीने फोन उचलून त्याला दाखवला.

"अजून एकदा वाजवू का रे?"